नांदेड–लातूर, विमानाने पाऊण तास

दोन विमानतळांमधलं अंतर सांगणाऱ्या वेबसाइटी कोण चालवतं, मला माहीत नाही. पण त्या माणसाला एकदा लोह्याच्या पुढे, भर उन्हात, पंक्चर झालेल्या एस्टीच्या सावलीत उभं करावं अशी माझी फार इच्छा आहे. मी तिथंच उभी होते तेव्हा, म्हणून सांगते. वेळ जात नव्हता, मोबाईलला रेंज होती, म्हणून मी नांदेड आणि लातूर टाकून बघितलं. उत्तर हजर. हवाई अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर, प्रवासाला साधारण पाऊण तास. खाली एका ठिपक्यावरून दुसऱ्या ठिपक्याकडे तिरकं निघालेलं एक छोटं निळं विमान.

दोन्ही ठिपके खरे आहेत. नांदेडला विमानतळ आहे, लातूरला विमानतळ आहे. फक्त या ठिपक्यावरून त्या ठिपक्यावर माणसं घेऊन जाणारं विमान नाही. वेबसाइटला त्याचं काय? तिला कुठलीही दोन गावं द्या, ती फूटपट्टी लावून मोकळी होते. फूटपट्टीत बसून कुणी प्रवास करत नाही, एवढं एक वाक्य खाली लिहायला काय जात होतं?

पाना आणायला गेलेला कंडक्टर अजून परतला नव्हता. मी तिथंच, रस्त्याच्या कडेला दगडावर बसून, पत्रक लिहिलं.

आमची कृती समिती म्हणजे सात जण, एक रबरी शिक्का आणि एका मित्राच्या झेरॉक्सच्या दुकानातला कोपरा. मागणी साधी होती. विमान आम्ही मागतच नव्हतो. नांदेड आणि लातूर ही एकमेकांना लागून असलेल्या दोन जिल्ह्यांची गावं. त्यांच्यात सरळ रेल्वे द्या, आणि ती होईपर्यंत सकाळी वेळेवर सुटून वेळेवर पोचणाऱ्या एस्ट्या द्या. बस. कॉलेजात असताना एका जुन्या कार्यकर्त्या सरांनी मला पत्रक लिहायला शिकवलं होतं. ते म्हणायचे, पहिल्या ओळीनं माणसाची कॉलर धरायची आणि तो थांबला की मग बोलायचं. म्हणून मी वर मोठ्या ठळक अक्षरात लिहिलं: ‘नांदेड–लातूर, विमानाने पाऊण तास!’ आणि खाली, बारीक अक्षरात: ‘असं वेबसाइट म्हणते. विमान शोधून सापडत नाही. आता एस्टीनं जाऊन दाखवा.’ मग मागण्या.

पत्रक चांगलं झालं होतं, हे मी आजही म्हणेन. दोन्ही बसस्टँडवर वाटलं, अहमदपूरला वाटलं. एक प्रत घरी टीव्हीवर ठेवली. तिथं ती आईला सापडली.

आईचा चष्मा तेव्हा दुकानात टाकलेला होता. तिला वरची ओळ दिसली, खालचं दिसलं नाही. तिनं वरच्या ओळीचा फोटो काढला, कारण सगळा कागद फोटोत घेतला की अक्षरं बारीक होत होती, आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. सोबत लिहिलं, ‘आमच्या पोरीच्या आंदोलनाला यश.’

त्या दिवशी माझ्या मोबाईलवर फुलांचा पाऊस पडला. अभिनंदन. खूप खूप अभिनंदन. लेक असावी तर अशी. एका चुलत्यानं तर लिहिलं, ‘जिल्ह्याचं नाव काढलंस.’ मला वाटलं, पत्रक आवडलं लोकांना. नाही, खरं सांगायचं तर असं मला पुरतं वाटलंही नव्हतं. ‘आता लवकरच बसू’ असंही कुणी तरी लिहिलं होतं, ते मी वाचलं होतं. कशात बसू, हे विचारायला हवं होतं. मी हात जोडलेलं चित्र टाकलं आणि गप्प बसले. तीन वर्षांत घरातलं कुणी पहिल्यांदा माझ्या कामाबद्दल बरं बोलत होतं. एरवी ‘ही पत्रकं वाटत फिरती’ एवढीच माझी ओळख.

त्या ग्रुपवर मामाही होता.

मामा फौजेत आहे, तिकडे वर राजस्थानात. गाव नांदेडजवळचं अर्धापूर. ताई, म्हणजे माझी मोठी बहीण, लहानपणी चार वर्षं त्याच्याकडे होती, आई आजारी होती तेव्हा. शाळेत सायकलवर सोडायचा तो, वेण्यासुद्धा घालायचा, वाकड्यातिकड्या. मग तो भरती झाला. ताईच्या साखरपुड्याला त्याला सुट्टी मिळाली नाही, तेव्हा फोनवर म्हणाला, “लग्नाला मी आल्याबिगर अंतरपाट धरायचा न्हाई. सांगून ठेवून राहिलो.” आमच्याकडे नवरीला बोहल्यावर मामा आणतो, आणि मामानं आणलेली पिवळी अष्टपुत्री नेसूनच ती उभी राहते. ही साडी मामानं महिना आधीच घेऊन बॅगेत ठेवली होती. पोस्टानं पाठव म्हणून कुणी सुचवलं तर चिडला होता.

त्याचा पहिला बेत नीट होता. आदल्या दिवशी हैदराबादला उतरायचं, तिथून उदगीरची गाडी धरायची, उदगीरला बाबा घ्यायला जाणार. पण सुट्टी मोजकी, आणि ग्रुपवर तो फोटो. त्यानं हिशेब केला: हैदराबादहून लग्नाच्याच सकाळी नांदेडला विमान, तिथून पाऊण तासात लातूर. एक दिवस वाचला, तो परतताना अर्धापूरला आजीजवळ काढायचा. आईला फोनवर विचारलं, “लातूरचं तिकीट कुठं काढायचं?” आई म्हणाली, “तिथंच मिळत असंल की.” मला यातलं कुणी काही सांगितलं नाही. मला फक्त एवढं कळलं की मामा सकाळी पोचतोय. मला वाटलं, उदगीरहून.

लग्न लातूरच्या कार्यालयात, मुहूर्त बारा पस्तीसचा. आता मराठवाड्यात बारा पस्तीस म्हणजे दोन, हे पत्रिका छापणाऱ्यालाही ठाऊक असतं. अक्षता पडायच्या आधी गावच्या, तालुक्याच्या, जिल्ह्याच्या सगळ्या पुढाऱ्यांचे माइकवरून सत्कार होतात, मग ते आशीर्वाद द्यायला उभे राहतात, आणि उपाशी पोरं मांडवात रडत बसतात. मला या प्रकाराची भयंकर चीड. नशिबानं ताईचे सासरे माझ्याच मताचे निघाले, घड्याळाचे पक्के. त्यांनी बैठकीतच अट घातली: सत्कार नाहीत, भाषणं नाहीत. मी तर टाळ्या वाजवल्या. पत्रिकेवर ठळक अक्षरात ओळ मीच टाकली: ‘लग्न वेळेवरच लागेल. उशिरा येणाऱ्यांना फक्त जेवण मिळेल.’

लग्नाच्या दिवशी साडेनऊला मामाचा फोन आला.

“काय माय, लातूरचं विमान कुठून सुटतं गं?”

मला वाटलं चेष्टा करतोय. “तू कुठं हायस मामा?”

“नांदेडला. विमानतळावर. इथं कुणालाच ठाऊक न्हाई. बाहेर जा म्हणून राहिलेत.”

“नांदेडला कशाला गेलास?”

“आता? तूच तर आणलंस की विमान.”

मी म्हणाले, “मामा, असं विमान नाही.”

“न्हाई कसं? मी मोबाईलवर बघितलं. अंतर दाखवून राहिलंय, टाइम दाखवून राहिलाय. उगंच दाखवतंय का? तिकिटाचं बटण दाबलं की नुसतं गोल फिरायचं, मला वाटलं आमच्याकडं नेट न्हाई.” मग त्यानं फोन कुणाला तरी दिला. पलीकडचा माणूस अत्यंत सभ्यपणे म्हणाला, “मॅडम, तुम्हीच समजावून सांगा. हे आज तिसऱ्यांदा विचारायलेत.”

फोन परत मामाकडे आला तेव्हा त्याचा आवाज बदलला होता. “म्हणजे न्हाईच?”

“नाही.”

“मग तो कागद?”

“त्याच्या खाली लिहिलं होतं, मामा.”

“बघतो गाडी,” म्हणून त्यानं फोन ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याच्यापुढं सव्वाशे किलोमीटर सरळ रेषेत होते, पण सरळ रेषेत रस्ता नसतो. लोहा, अहमदपूर, चाकूर असं वळत वळत ते अंतर दीडशेच्या घरात जातं, आणि अहमदपूरच्या अलीकडे काम चालू असल्यानं एकेरी वाहतूक. लग्नसराईत भाड्याची गाडी मिळेना. एस्टी नुकतीच गेलेली, पुढची कधी हे खिडकीतल्या माणसालाही सांगता येईना. शेवटी मामानंच मार्ग काढला. अर्धापूरचा त्याचा एक चुलत भाऊ केळीचा पिकअप घेऊन लातूरच्या बाजारात निघाला होता, तो अजून नांदेडातच होता. पुढं आधीच तिघं बसलेले. सव्वादहाला मामाचा निरोप आला: ‘केळीवर बसलो. निघालो.’

मी बोटं मोजली. काही केलं तरी एक वाजून जाणार होता.

आईला सांगितलं तर ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, “मला काय माहीत खाली काय लिहिलंय! एवढं बारीक कशाला लिहायचं मग?” हा प्रश्न मला आजही टोचतो, म्हणून लिहून ठेवला. तेवढ्यात मावशीनं तोडगा काढला. “एका चुलत मामाला उभा करा. साडी काय, गंजगोलाईच्या बाजारातनं पिवळी आणू, दहा मिनिटांचं काम.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मुहूर्त टळू नये, व्याही नाराज होऊ नयेत, बास.

नवरीच्या खोलीत ताई शालू नेसून बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“साडी मिळंल,” ती म्हणाली. “मामा कुठल्या दुकानात मिळतो, ते सांग मावशे.”

ताईनं सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं, मला सोडून.

“ग्रुपवर सगळे अभिनंदन करत होते, तू वाचलं नव्हतंस का?”

“वाचलं होतं.”

“मग सांगितलं का न्हाई, विमान न्हाई म्हणून?”

“बरं वाटत होतं,” मी म्हणाले. दुसरं खरं उत्तर नव्हतं.

ताई माझ्याकडे वळली. मेकअपवाल्या बाईंनी दोन तास खपून केलेला चेहरा, त्यावर राग नीट दिसतही नव्हता. मग म्हणाली, “तुला रस्ता अडवता येतो ना? आतापर्यंत किती वेळा बसलीस हायवेवर? मग आता हे अडव. तो येईपर्यंत मी इथनं उठायची न्हाई, पण मी उठले न्हाई असं कुणाला वाटताही कामा नये. त्यांची इज्जत जायला नको, माझी पण नको.”

बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. सासरेबुवा मांडवात घड्याळ बघत फिरत होते. रास्ता रोको करायचा तर रस्त्यावर आडवं काहीतरी टाकावं लागतं. मी कोठीच्या खोलीत गेले. तिथं आहेराच्या टॉवेल-टोप्यांचं गाठोडं पडलेलं होतं.

माइक हातात घेतला आणि म्हणाले, “लग्नघटिका जवळ आलेली आहे. तत्पूर्वी दोन्ही कुटुंबांच्या वतीनं एकच छोटासा सत्कार.” मांडव ‘आलं का हे’ म्हणून कण्हला. मी पहिलं नाव सासऱ्यांचं घेतलं. सत्कार नकोत म्हणणाऱ्याच्या खांद्यावर टॉवेल पडला आणि डोक्यावर टोपी बसली की तो माणूस लगेच काही बोलू शकत नाही. ते ओशाळून हसले. मग त्यांच्या भावांचे सत्कार झाले, मग त्यांच्या साडूंचे, कारण भावांचे केले आणि साडूंचे नाही हे तर बरं दिसत नाही. मग आमच्याकडचे. शिरूर अनंतपाळहून आलेले पाहुणे, उदगीरहून आलेले पाहुणे, अहो लांबून आलेत. ज्यांना कधी कुणी विचारलं नव्हतं अशा माणसांच्या डोक्यांवर मी त्या दिवशी टोप्या घातल्या. एक म्हातारे बाबा माइकजवळ थांबून हळूच म्हणाले, “पोरी, मी वऱ्हाडात न्हाई. शेजारच्या दुकानात पाणी मागाया आल्तो.” मी त्यांनाही टॉवेल दिला.

एक वाजला. टॉवेल संपले. मामा अहमदपूरच्या एकेरी वाहतुकीतून सुटलेला, पण चाकूर अजून यायचं होतं.

सासरे उठून माझ्याकडे यायला लागले. आणि त्याच क्षणी, दारातून, पाच-सहा माणसांसह आमच्या भागातले एक पुढारी आत आले. एरवी मला बघून रस्ता बदलणारा माणूस. त्यांच्या दोन मोर्चांविरुद्ध मी पत्रकं काढली आहेत. मी माइकवर ओरडले, “साहेबांचं आगमन झालेलं आहे!” सासरे जागच्या जागी थांबले. पुढारी आल्यावर कुणाचंच चालत नाही.

साहेबांनी माइक घेतला. वधूवरांना आशीर्वाद दिला. मग म्हणाले, “आणि मला सांगताना आनंद होतोय, आता लातूर आणि नांदेड लांब राहिलेलं नाही. विमानानं फक्त पाऊण तास! गेली कित्येक वर्षं मी यासाठी पाठपुरावा करत होतो.”

टाळ्या पडल्या. माझ्या आईनंही वाजवल्या, मग थांबली.

तो फोटो त्यांच्यापर्यंतही पोचला होता. समितीतली माझी मैत्रीण पहिल्या रांगेत बसलेली होती. ती अर्धवट उठली आणि माझ्याकडे बघायला लागली. तिला वाटलं, मी आता माइक हिसकावून घेणार आणि या माणसाला सगळ्यांसमोर खोटं पाडणार. मी तेच करते. त्यासाठीच मला लोक ओळखतात. त्यात फक्त दोन मिनिटं लागली असती, आणि नंतर सासऱ्यांनी अंतरपाट मागवला असता.

साहेब आवरतं घ्यायला लागले. “जास्त वेळ न घेता—”

“साहेब,” मी म्हणाले, “विमानतळाबद्दल अजून दोन शब्द सांगा ना.”

मैत्रीण खाली बसली. तिनं नंतर चार दिवस माझा फोन घेतला नाही.

साहेबांनी दोन शब्द सांगितले, पस्तीस मिनिटं. रात्री उतरायचे दिवे, मोठी धावपट्टी, व्यापारी, विद्यार्थी, सगळं आलं. मी बाजूला शाल धरून उभी, चेहऱ्यावर हसू. एका हातात फोन, त्यावर मामाचे निरोप. चाकूर सोडलं. मग, गावात शिरलो. मग, कार्यालय कुठंय?

मामा फाटकातून आला तेव्हा आधी मला ओळखूच आला नाही. डोकं धुळीनं पांढरं, शर्टावर केळीच्या चिकाचे काळे डाग, आणि फौजेची बॅग छातीशी धरलेली. ताईच्या खोलीकडे धावतानाच साहेबांनी त्याला अडवलं. “फौजी भाऊ! कसा झाला प्रवास? विमानानं?”

“केळीच्या गाडीत आलो साहेब,” मामा म्हणाला. “वर बसून.”

मांडव खो खो हसला. सगळ्यांना वाटलं फौजी लई गमत्या आहे.

साडी तेवढी धड होती, प्लॅस्टिकमध्ये. ताई ती नेसून आली, मामाचे हात तिच्या खांद्यांवर, आणि दोनला पाच कमी असताना अंतरपाट धरला गेला. सासऱ्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि बाबांना म्हणाले, “आपल्याकडच्या मानानं वेळेवरच लागलं म्हणायचं.” मागून मावशी म्हणाली, “उगंच घाबरवलं पोरीनं. पोचला की.” चुलते म्हणाले, पोचला की. पंगतीत वाढणारेही तेच म्हणत होते. मला रडू यायला हवं होतं, सगळ्या बायका रडत होत्या. मला नुसता संताप येत होता. मोटारसायकलवर तिघं बसून दवाखान्यात पोचतात, पोचला की. परीक्षेला पोरगी अर्धा तास उशिरा पोचते, पोचली की. या दोन शब्दांवर आमच्या सगळ्या मागण्या मरतात.

मामा मागच्या खोलीत नळाखाली हात धूत होता. पिकअपची दोरी धरून धरून दोन्ही तळव्यांवर लाल वळ उठले होते, साबण झोंबत होता. मी त्याची माफी मागितली. नीट मागितली, कारणं न देता.

“जाऊ दे माय,” तो म्हणाला. “पोचलो की.”

“मामा, तू तरी असं म्हणू नको.”

त्यानं नळ बंद केला. तळव्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. “बरं. न्हाई म्हणत.” आणि मग एकदम आवाज चढवून, “बेजार झालो! लई बेजार झालो! लोह्याच्या पुढं तर दोनदा खाली पडता पडता वाचलो. हाडं खिळखिळी झाली. माझ्या पोरीचं लग्न, आणि मी केळीवर बसून नवसाच्या बोकडासारखा चाललोय! हे काय चाललंय काय?” बाहेरच्या बायका डोकावायला लागल्या. “लिहून घे,” मामा म्हणाला. “सगळं लिहून घे, कुठं किती वेळ थांबलो ते. आणि मोठ्या अक्षरात.”

मी पत्रिकेची मागची कोरी बाजू घेतली आणि त्याच्यासमोर बसले.